शंका एक, दिशा दोन : ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ या क्रियापदांविषयी

१९९२ साली मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका ओतकारखान्यात, म्हणजे तिकडच्या भाषेत फौंड्रीत, कारकून होतो. पदवीचे शेवटचे वर्ष अर्धवट सुटलेले, इंग्रजी टायपिंग येते एवढेच भांडवल. कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार करणारा मी एकटाच असल्यामुळे इंग्रजीतला तज्ज्ञही मीच. इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाला पंपाच्या कास्टिंगचे दोन लॉट पाठवले होते. माल बोटीवर चढल्यावर आमचे मिस्त्री माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मला शंका हाय, दुसऱ्या लॉटात ब्लोहोल असतील म्हणून. त्या दिवशी वाळू वलीच लागली हुती. पार्टीला कळवून ठेव.”

वाळूत ओल जास्त राहिली की तापलेला रस ओतताना तिची वाफ होते, ती ओतीव भागात अडकते आणि आत पोकळ्या राहतात. वरून काही दिसत नाही; मशीनवर कापताना बिंग फुटते. मिस्त्रींचे सांगणे प्रामाणिक होते आणि धाडसाचेही होते, कारण चूक त्यांच्याच खात्यातली होती. मालक त्या दिवशी परगावी होते. मी तत्परतेने फॅक्स लिहिला. त्यातले वाक्य मला अजून पाठ आहे : “वुई डाउट दॅट देअर आर ब्लोहोल्स इन द सेकंड लॉट.” आम्हाला शंका आहे की दुसऱ्या लॉटमध्ये ब्लोहोल आहेत. शब्दाला शब्द लावून पाहिला, कुठे चूक दिसली नाही.

दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाचे पत्र आले. दुसऱ्या लॉटचे कास्टिंग मशीनवर चढवल्यावर पोकळ्या निघाल्या होत्या. मशिनिंगचा खर्च वाया गेला होता, तो आमच्या बिलातून कापला जाणार होता. खाली एक वाक्य होते : दोष असण्याची शक्यता वाटत नाही, असे आपणच फॅक्सने कळवले होते. मालकांनी इंग्रजी जाणणाऱ्या एका परिचिताकडून फॅक्सची प्रत वाचून घेतली. त्यानेही तोच अर्थ सांगितला. मिस्त्री म्हणत राहिले, मी उलट सांगितले होते. मालकांनी मला बोलावून विचारले, “मिस्त्रींनी सांगितलं तेच लिहिलंस का?” मी छातीवर हात ठेवून सांगितले, “शब्दन् शब्द.” माझ्या त्या खऱ्या साक्षीने मिस्त्री खोटे ठरले. त्यांचा पगार कापला गेला आणि दिवाळीनंतर ते काम सोडून गेले.

पुढे पाचसहा वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेला एक इंग्रजी-इंग्रजी कोश चाळताना ‘डाउट’पाशी थांबलो आणि अंगावर काटा आला. तेव्हापासून या दोन क्रियापदांच्या मागे लागलो. भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. जे जमवले ते कोश, व्याकरणे आणि न्यायालयांचे निकाल वाचून. त्यातले थोडे येथे मांडतो.

एकाच शब्दाची दोन टोके

आजच्या प्रमाण इंग्रजीत एखाद्या विधानापुढे ‘आय डाउट’ लावले की बोलणारा त्या विधानापासून दूर सरकतो. ‘आय डाउट ही स्टोल इट’ म्हणजे त्याने चोरी केली असे मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट’ लावले की तो विधानाकडे झुकतो. ‘आय सस्पेक्ट ही स्टोल इट’ म्हणजे पुरावा नाही, पण चोर तोच असावा असे मला वाटते. दोन्हींत खात्रीचा अभाव आहे. पण एका वाक्यात माणूस सुटतो, दुसऱ्यात अडकतो.

आपल्या बहुतेक शालेय कोशांत मात्र डाउटपुढे ‘शंका, संशय’ आणि सस्पेक्टपुढे ‘संशय, शंका’ असे छापलेले असते. कोशकाराचे फारसे चुकलेले नाही. मराठीतले हे दोन्ही शब्द खरोखरच दोन्ही बाजूंना चालतात. वर्तमानपत्रातली बातमी पाहा. पोलीस ज्याला पकडतात तो ‘संशयित’. वर्षानुवर्षे खटला चालतो आणि शेवटी न्यायालय त्याला ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडते. पहिला संशय त्याच्यावर आहे, दुसरा त्याच्या अपराधावर. इंग्रजीत पहिला ‘सस्पिशन’, दुसरा ‘डाउट’. ज्या शब्दाने माणूस आत गेला त्याच शब्दाने बाहेर आला आणि आपल्याला त्यात काही विचित्र वाटले नाही.

मग मराठी माणसाचा गोंधळ का होत नाही? कारण मराठी ही दिशा नामात ठेवतच नाही. ती वाक्याच्या सांध्यात ठेवते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा :

तो येईल अशी शंका आहे.
तो येईल याबद्दल शंका आहे.

पहिल्यात तो येण्याची धास्ती आहे, दुसऱ्यात न येण्याची. नाम तेच, क्रियापद तेच. ‘अशी’ आणि ‘याबद्दल’ या दोन शब्दांनी सगळा अर्थ फिरवला. ‘अशी’ने जोडले की शंकेच्या पोटात काय आहे ते कळते; ‘बद्दल’ने जोडले की शंका कशावर घेतली आहे ते कळते. ‘की काय’ आणि ‘की नाही’ यांचेही तसेच. ‘वाळू ओली राहिली की काय’ ही सस्पेक्टची शंका, तर ‘गाडी वेळेवर येते की नाही’ ही डाउटच्या बाजूची. आणि ‘तो पैसे परत करील का?’ या प्रश्नाला ‘शंकाच आहे’ असे उत्तर आले तर मराठी माणूस उधारी बुडाली असे समजतो. तेथे एका ‘च’ने डाउटचे काम केले.

मिस्त्रींचे वाक्य आता पुन्हा वाचा : “शंका हाय, ब्लोहोल असतील म्हणून.” त्यांच्या ‘म्हणून’ने दिशा स्वच्छ सांगितली होती. मी नाम उचलले, कोशात त्याच्यासमोर जे होते ते लिहिले आणि ‘म्हणून’ मराठीतच राहून गेला. इंग्रजीत दिशा क्रियापदात असते हे मला कोणी शिकवले नव्हते.

इंग्रजीतही सांध्याला काही काम आहे. ‘डाउट व्हेदर’ किंवा ‘डाउट इफ’ म्हटले तर अनिश्चितता उरते; ‘डाउट दॅट’ म्हटले तर अविश्वास जवळजवळ पक्का होतो. पण यांतले काहीही लावले तरी डाउट सस्पेक्टच्या बाजूला जात नाही.

इंग्रजांचाही घोळ होता

कोशाने मला जसे खजील केले तसा पुढे थोडा दिलासाही दिला. मी केलेली चूक चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात चूक नव्हती.

डाउट हा शब्द फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाला ‘भिणे’ असाही अर्थ होता. मूळ लॅटिन ‘दुबितारे’, आणि त्याच्या मुळाशी ‘दुओ’ म्हणजे दोन. मन दोन ठिकाणी असणे. आपल्या ‘दुविधा’तही तोच दोनाचा आकडा आहे आणि जर्मन ‘त्स्वाइफेल’मध्येही तोच. मध्ययुगीन इंग्रजीत या शब्दात ‘बी’ हे अक्षर नव्हते. लॅटिनचा अभिमान असलेल्या पंडितांनी मूळ दिसावे म्हणून ते नंतर घुसवले. उच्चारात ते कधी आलेच नाही. शाळेत या मुक्या ‘बी’पायी ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांनी त्या पंडितांना जरूर आठवावे.

भीतीचा अर्थ बरोबर आल्यामुळे जुन्या इंग्रजीत ‘आय डाउट’ म्हणजे ‘मला भीती वाटते की तसे असावे’, म्हणजेच आजचे सस्पेक्ट. इ.स. १६००च्या सुमारास लिहिलेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. बापाचे भूत दिसल्याचे ऐकल्यावर काहीतरी घातपात झाला असावा असे हॅम्लेट स्वतःशी म्हणतो. तेथे क्रियापद डाउट आहे. मुलाच्या वेडाचे कारण बापाचा मृत्यू आणि आपले घाईचे लग्न हेच असावे, असे राणी राजाला सांगते, तेथेही डाउट. आणि त्याच प्रवेशात हॅम्लेटने ऑफेलियाला लिहिलेल्या चिठ्ठीतल्या चार ओळींत हे क्रियापद अविश्वासाच्या अर्थाने येता येता एका ओळीत संशयाच्या अर्थाकडे वळते. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने हे नाटक मराठीत आणले. अशा जागी अनुवादकाला शाळेतला डाउट विसरावाच लागतो.

प्रमाण इंग्रजीने तो जुना अर्थ पुढे टाकून दिला. स्कॉटलंडमध्ये मात्र तो अजून जिवंत आहे. आभाळ भरून आलेले पाहून ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणणारा स्कॉटिश म्हातारा छत्री घेऊन बाहेर पडतो. फ्रेंच भाषेनेही दोन्ही टोके राखली, पण मध्ये खूण ठेवली : नुसते ‘दूते’ म्हणजे शंका असणे आणि त्याला स्वतःवाचक ‘स’ जोडून ‘स दूते’ म्हटले की अंदाज येणे, कुणकुण लागणे. एक छोटा शब्द जोडून दिशा बदलण्याची ही रीत आपल्या ‘अशी’ आणि ‘बद्दल’च्या जवळची आहे.

सस्पेक्टचा वंश वेगळा. लॅटिन ‘सुब’ म्हणजे खालून आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. खालून, चोरून पाहणे. हा ‘स्पेक्’ आणि संस्कृतातले ‘पश्यति’ हे एकाच मूळ धातूचे. संस्कृतात हेराला ‘स्पश’ म्हणतात तोही याच घराण्यातला. तेव्हा सस्पेक्टमध्ये पहिल्यापासून डोळा आहे, रोख आहे, समोर कोणीतरी आहे. डाउटमध्ये समोर कोणी नाही; आपलेच मन दोन ठिकाणी आहे.

आपल्या शब्दांची तपासणीही उद्बोधक आहे. ‘शंका’ ज्या संस्कृत धातूपासून आली त्याला शंका घेणे आणि भिणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे जुन्या फ्रेंच शब्दाचीच जुळी बहीण. ‘आशंका’ शब्दात ती भीती आजही स्पष्ट दिसते. (‘लघुशंका’ येथे सोडून देतो, तिथे दिशेचा प्रश्न नसतो.) ‘संशय’ हा मात्र ‘निजणे’ या अर्थाच्या ‘शी’ धातूपासून बनला. न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत त्याला स्थान दिले आहे. शास्त्रकारांचे नेहमीचे उदाहरण अंधारात दिसणाऱ्या आकृतीचे : हा खांब आहे की माणूस? दोन परस्परविरोधी पर्याय, दोन्ही सारख्या वजनाचे, तो संशय. हा शुद्ध डाउट झाला. पण व्यवहारात आल्यावर त्याच शब्दाला डोळा फुटला. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव खांब की माणूस असा विचार करीत बसत नाही, बायकोचे कुणाशी तरी आहे हे त्याने मनाशी जवळपास ठरवलेले असते. हे कथानक मोलिएरच्या नाटकावरून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आले. फ्रान्स, इंग्लंड आणि महाराष्ट्र येथल्या नवऱ्यांना या बाबतीत भाषेची अडचण आलेली दिसत नाही.

‘सर, आय हॅव अ डाउट’

आपल्या वर्गांत ‘डाउट’ने तिसराच अर्थ घेतला आहे. ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणजे मला एक प्रश्न विचारायचा आहे. हा थेट मराठी, हिंदी शंकेचा इंग्रजी अवतार. आपण शंका विचारतो, शंका काढतो, शंका फेडतो. त्यातूनच ‘क्लिअरिंग डाउट्स’ आले. भारतीय इंग्रजीत हा वापर इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. मात्र परदेशातल्या वर्गात आपला विद्यार्थी हे वाक्य बोलला तर तेथल्या प्राध्यापकाला वाटू शकते की मी शिकवलेले याला पटलेले नाही. मुलाला समजून घ्यायचे असते. ऐकणाऱ्याला आव्हान ऐकू येते. तेथे ‘क्वेश्चन’ म्हटले की भागते.

आणखी एक खोच. ‘नो डाउट’चा शब्दशः अर्थ निःसंशय, पण बोलण्यात त्याचे वजन उतरले आहे. ‘नो डाउट ही विल बी लेट’ म्हणजे ‘येईलच तो उशिरा, नेहमीसारखा’, एवढाच अंदाज. खरोखर ‘निःसंशय’ म्हणायचे असेल तर इंग्रज ‘विदाउट डाउट’कडे वळतो. मराठी निःसंशयचे वजन अजून उतरलेले नाही.

मला वाटते

या साऱ्याच्या मुळाशी आपले एक भरदार क्रियापद आहे : ‘वाटणे’. मला वाटते, असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा इंग्रजाला थिंक, फील, बिलीव्ह, सपोज, गेस, अझ्यूम, प्रिझ्यूम आणि सस्पेक्ट यांतून निवड करावी लागते. आपण निवडत नाही, कारण आपण कर्तेच नसतो. ‘मला’ वाटते, वाटणे आपल्याकडे चालून येते. इंग्रजीत मात्र ‘आय’ पुढे येतो आणि आपल्या मताला किती आधार आहे हे त्याला क्रियापदातूनच जाहीर करावे लागते.

यांतली अझ्यूम आणि प्रिझ्यूम ही जोडी कामाची आहे. दोन्हींना आपण ‘गृहीत धरणे’ म्हणतो. अझ्यूममध्ये आधार असेलच असे नाही. गणितात आपण क्षची किंमत अझ्यूम करतो. प्रिझ्यूममध्ये काही आधार असतो आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते मत टिकते. १८७१ साली आफ्रिकेत टांगानिका सरोवराकाठी स्टॅन्लेने लिव्हिंग्स्टनला गाठले त्या वेळचे म्हणून जे अभिवादन प्रसिद्ध आहे त्यात प्रिझ्यूम आहे. त्या मुलखात दुसरा गोरा डॉक्टर असण्याचा संभव नव्हता, म्हणून अनुमानाला आधार होता. (लिव्हिंग्स्टनच्या १८६६च्या या मोहिमेत नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेले आफ्रिकी तरुण होते, हे जाता जाता नोंदवतो.) आरोपी निर्दोष असल्याचे न्यायालय गृहीत धरते ते ‘प्रिझम्प्शन’, त्याला ‘अझम्प्शन’ म्हटले तर न्यायाधीशाने ती केवळ सोयीसाठी मानलेली गोष्ट ठरेल.

असेल, असावा, असलाच पाहिजे

कायद्यात या छटांवर माणसाचे आयुष्य टांगलेले असते. वॉरंटशिवाय अटक करायला पोलिसाला ‘रीझनेबल सस्पिशन’ पुरतो. तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१मध्ये होता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५मध्येही आहे. शिक्षा द्यायची तर मात्र ‘रीझनेबल डाउट’ उरता कामा नये. म्हणजे सस्पिशन असले की खटल्याचे दार उघडते आणि डाउट उरला की तुरुंगाचे दार बंद होते. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हापुन्हा बजावले आहे.

१९७३ साली महाराष्ट्रातल्या एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजीतल्या दोन सहायक क्रियापदांवर बोट ठेवले : ‘मे’ आणि ‘मस्ट’. आरोपी गुन्हेगार असू शकतो, एवढे पुरेसे नाही. तो असलाच पाहिजे, येथवर पुरावा पोचला पाहिजे. या दोन शब्दांमधले अंतर लांबचे आहे, असे न्यायालय म्हणाले. १९८४ साली पुण्यातल्या एका प्रकरणात परिस्थितिजन्य पुराव्याच्या कसोट्या सांगताना हेच पुन्हा उद्धृत झाले आणि आजही देशभरच्या निकालांत ते येत असते.

आता मराठी साक्षीदाराचा विचार करा. खालच्या न्यायालयात तो मराठीत बोलतो. प्रकरण उच्च न्यायालयात जाते तेव्हा कामकाजाची भाषा इंग्रजी असल्यामुळे त्या जबानीचे भाषांतर होते. मराठीत पायऱ्या तीन आहेत. ‘त्याने केले असेल’ ही शक्यता, मेच्या शेजारची. ‘त्यानेच केले असलाच पाहिजे’ असे कोणी अशुद्ध म्हणो की ‘केलेच असले पाहिजे’ असे शुद्ध म्हणो, तो मस्ट. आणि या दोहोंच्या मध्ये आपले लाडके ‘असावे’. ‘त्यानेच केले असावे’, असे आपण उठता बसता म्हणतो. यात अंदाज आहे, झुकाव आहे, खात्री नाही. इंग्रजीत याला मे म्हटले तर हलके होते, मस्ट म्हटले तर फासाजवळ जाते. माझ्या मते येथे योग्य क्रियापद सहायक नव्हेच, सस्पेक्ट हेच आहे : ‘आय सस्पेक्ट ही डिड इट’. म्हणजे साक्षीदाराने पाहिलेले सांगितले नाही, वाटलेले सांगितले, हे इंग्रजी वाचणाऱ्या न्यायाधीशाला लगेच कळेल.

भाषांतर करणाऱ्यांसाठी, पत्रे लिहिणाऱ्यांसाठी माझा एक साधा पडताळा आहे. ‘शंका’ किंवा ‘संशय’ इंग्रजीत नेताना नाम बाजूला ठेवावे आणि स्वतःला विचारावे : मला काय व्हायची शक्यता जास्त वाटते, असे की तसे? ‘असे’ वाटत असेल तर सस्पेक्ट. ‘असे’ वाटत नसेल तर डाउट. उत्तर देता येत नसेल तर दोन्ही क्रियापदे सोडून ‘वुई आर नॉट शुअर’ म्हणावे, त्यात कोणाचे नुकसान नाही.

कोशातली ती नोंद वाचल्यानंतर मी मिस्त्रींना शोधत कागलकडे त्यांच्या गावी गेलो. ते घराशेजारी पिठाची गिरणी चालवत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी पट्टा थांबवला, हात झटकले आणि विचारले, “म्हंजे तू खोटं बोलला न्हवतास?”

“नाही, मिस्त्री.”

“आन् मीबी न्हवतो. सायबबी न्हवता.” थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “हे मालकास्नी सांगितलंस का?”

सांगितले नव्हते. तोवर तो कारखाना बंद पडला होता आणि मालक गाव सोडून गेले होते. ते शेवटपर्यंत सांगायचे राहिले.